घरसंसार : जुन्या कपाटाला नवा रंग



शाबान लागला की आपल्या घरांतून एकच लगबग सुरू होते. जाळी-जळमटे निघतात, पडदे आणि गोधड्या धुतल्या जातात, डबे घासून उन्हात पालथे पडतात. रमजान दारात येण्याआधी घर स्वच्छ व्हावे आणि मग महिनाभर मन इबादतीला मोकळे राहावे, हा त्यामागचा हेतू. या साफसफाईत एक प्रश्न दर वर्षी हमखास निघतो. कोपऱ्यातल्या रंग उडालेल्या कपाटाकडे, डुगडुगणाऱ्या टेबलाकडे बघून कुणीतरी म्हणते, "हे आता काढून टाकू या का? ईदला पाहुणे येतील, बरे दिसत नाही."

काढून टाकण्याआधी हा लेख वाचा, एवढीच माझी विनंती. जुन्या लाकडाला नवा रंग कसा द्यायचा हे तर सांगतेच, पण आमच्या घरात हे काम का करावे लागले तेही सांगते. ते सांगायला थोडा संकोच वाटतो. माझ्या सूनबाईला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "लिहा अम्मी. कुणाच्या तरी उपयोगी पडेल." म्हणून लिहिते आहे.

बकरी ईदचा दुसरा दिवस

आम्ही चिपळूणचे. 2021 सालची बकरी ईद 21 जुलैला होती. ईदचा दिवस पावसातच गेला. रात्री वाशिष्ठीचे पाणी चढू लागले आणि 22 तारखेला सारे शहर पाण्याखाली होते. आम्ही मुलांना घेऊन माडीवर गेलो. खाली पुरुषभर पाणी. जिन्यावरून बघितले तर फ्रीज आडवा होऊन तरंगत होता. जीव वाचले, अल्लाहचे शुक्र.

पाणी ओसरल्यावर खालच्या खोल्यांत घोट्याच्या वर गाळ होता. गाळ उपसल्यावर सामानाची अवस्था कळली. थोरल्या मुलाच्या लग्नात सूनबाईच्या माहेराहून आलेला बेडरूम सेट भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचा होता. वरून तो शिसवीसारखा चकचकीत दिसायचा. पाणी पिऊन त्या फळ्या पावासारख्या फुगल्या होत्या. हात लावला की कडा सुटून भुसा खाली पडे. पलंग, दोन पल्ल्यांचे कपाट, आरशाचे टेबल, सगळे तुकड्यांनी रस्त्यावर ठेवावे लागले. आळीतल्या प्रत्येक घरासमोर तसाच ढीग होता.

सूनबाई त्या ढिगाजवळ उभी राहून रडत होती. मी म्हटले, "बेटा, वस्तूच आहे. जीव सलामत आहेत ना?" ती म्हणाली, "अम्मी, वस्तूसाठी नाही रडत. अब्बांचे हप्ते अजून संपलेले नाहीत."

तो सेट तिच्या वडिलांनी तीन वर्षांच्या हप्त्यांवर घेतला होता. त्यात व्याज होते, हे त्यांनाही ठाऊक होते आणि आम्हालाही. आम्ही जहेज मागितला नव्हता, हे मी आजवर अभिमानाने सांगत आले होते. पण टेम्पोतून तो सेट आमच्या अंगणात उतरला, तेव्हा आम्ही "नको" सुद्धा म्हटले नव्हते. चार बायकांना बोलावून दाखवला होता. त्या दिवशी गाळात उभी राहून मला ते सगळे आठवले.

त्याच घरात, मागच्या खोलीत, दादींचे कपाट होते. दादी म्हणजे माझ्या आजेसासूबाई. फणसाच्या लाकडाचे, सहा फूट उंच, तीन फूट रुंद कपाट. त्यावर किती वेळा रंग बसला होता कोण जाणे. आम्ही त्यात जुन्या गोधड्या आणि मोडकी भांडी कोंबून ठेवत असू. ते गाळाने भरले होते, दारे घट्ट बसली होती, पाठीच्या आंब्याच्या फळ्या कुजल्या होत्या. पण चौकट सरळ होती. सांधे जागच्या जागी होते. चार माणसांनी उचलून ते पडवीत ठेवले आणि पुढचे आठ महिने ते तिथेच राहिले.

लाकूड वाळू द्या, घाई नको

पुराचे असो की गळक्या छपराचे, भिजलेले लाकूड एकदम कडक उन्हात ठेवू नका. बाहेरचा थर लवकर वाळतो, आतला ओला राहतो आणि फळी चिरते किंवा वाकते. सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवा. पायांखाली विटा द्या, दारे उघडी ठेवा, खण बाहेर काढा. आधी साध्या पाण्याने गाळ धुऊन काढा, नाहीतर सांध्यांत बसलेला गाळ ओल धरून ठेवतो. बुरशी आली असेल तर साबणाच्या कोमट पाण्याने घासून पुन्हा वाळवा.

वाळले हे कसे ओळखायचे? आमच्या कपाटाने स्वतःच सांगितले. पावसाळ्यात जी दारे हलत नव्हती, ती थंडी संपता संपता आपोआप सैल झाली. ओल्या लाकडावर दिलेला रंग टिकत नाही. आतली ओल बाहेर पडायला बघते आणि रंगाला फोड येतात. म्हणून कोकणात हे काम पावसाळ्यात काढूच नये. हवा दमट असली की ऑइल पेंट दिवसेंदिवस चिकट राहतो. थंडीपासून मेपर्यंतचे कोरडे दिवस चांगले.

2022 चा रमजान एप्रिलच्या सुरुवातीला येणार होता. मार्चमध्ये, शाबान लागल्यावर, थोरल्याने विषय काढला. कुवेतची नोकरी कोरोनात गेल्यापासून तो चिपळुणातच काम करत होता. थोडे पैसे साठले होते. "अम्मी, तेवढे आगाऊ भरून नवा सेट घेऊ. बाकीचे हप्त्यांनी फेडू. ईदला तिच्या माहेरचे येतील, खोली रिकामी कशी दाखवायची?"

मी काही बोलण्याआधी सूनबाईच म्हणाली, "एका घरात एका सेटचे हप्ते चालू आहेत, तेवढे पुरेत. पडवीतले कपाट आपण रंगवू या."

कोणते रंगवावे, कोणते नाही

सगळेच जुने सामान रंगवण्याजोगे नसते. आधी नीट तपासा.

सलग लाकडाचे सामान, म्हणजे साग, फणस, आंबा, शिवण यांचे, चौकट शाबूत असेल तर जरूर रंगवावे. चांगल्या प्लायवुडचेही रंगवता येते. भुशाच्या दाबलेल्या फळ्या एकदा फुगल्या की संपल्या. त्यांच्यावर रंगाचे पैसे घालवू नका. सनमायका लावलेले सामान रंगवता येते, पण त्याची गुळगुळीत चमक घासून पूर्ण मारावी लागते आणि गुळगुळीत पृष्ठभागावर पकड धरणारा खास प्रायमर लागतो. एखादे जुने सागवानी किंवा शिसवी सामान नुसत्या पॉलिशचे असेल, त्यावर नक्षी असेल, तर त्यावर रंग चढवू नका. जाणत्या सुताराकडून पॉलिशच नवे करून घ्या.

लाकडाला वाळवी किंवा कीड आहे का बघा. बारीक भोके आणि खाली पिठासारखी पूड दिसली तर कीड चालू आहे. आधी तिचे औषध करा, मग रंग. सांधे हलत असतील तर फेविकॉल भरून, घट्ट बांधून एक दिवस ठेवा. आमच्या कपाटाच्या पाठीला सुताराने नवे प्लाय ठोकले, एक बिजागरी बदलली. बाकी सगळे दादींच्या वेळचेच राहिले.

लोखंडी कपाटाचे काम वेगळे. तारेच्या ब्रशने आणि एमरी पेपरने गंज पूर्ण काढायचा, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसायचे आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यायचा. उघडे लोखंड आपल्याकडच्या हवेत एका रात्रीत पुन्हा तांबूस होते.

माझी पहिली चूक

कपाटाला हात लावण्याआधी सराव म्हणून मी एक लाकडी स्टूल रंगवले. पुसले, आणि जुन्या चकचकीत ऑइल पेंटवर सरळ नवा रंग लावला. दोन दिवस सुंदर दिसले. तिसऱ्या दिवशी बादली ठेवताना ओरखडा पडला. तिथून रंगाचे टोक सुटले, आणि केळीचे साल सोलावे तशी अख्खी पट्टी हातात आली.

शेजारचे रंगारी काका बघत होते. ते म्हणाले, "वहिनी, रंग काचेवर चिकटत नाही. जुनी चमक ही काचच आहे. तिला आधी खरवडायला हवी."

रंगकामाचे सगळे मर्म या एका वाक्यात आहे. रंग देणे हे शेवटचे आणि सगळ्यात सोपे काम. खरे काम त्याआधीचे: धुणे, घासणे, खाचा भरणे, प्रायमर देणे. जो इथे कंटाळा करतो त्याचा रंग वर्षभरही टिकत नाही.

दुसरी चूक, आणि ती मोठी

मग मी कपाट घासायला घेतले. कोरडा पॉलिश पेपर, जोरजोरात. वरचा चॉकलेटी थर गेला, खाली निळा निघाला, त्याखाली पिवळा, सगळ्यात खाली गर्द हिरवा. मला गंमत वाटत होती. कोणता रंग कोणत्या लग्नाच्या वेळचा, कोणत्या ईदचा, याच्या गप्पा चालल्या होत्या. पडवीभर रंगीत धूळ उडत होती आणि दीड वर्षांचा नातू तिच्यात रांगत होता, बोटे तोंडात घालत होता.

रंगारी काका कुंपणावरून ओरडलेच. "आधी त्या पोराला उचला!"

त्यांनी सांगितले ते प्रत्येक आईने ध्यानात ठेवावे. पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे असायचे. रंग उठावदार व्हावा आणि लवकर वाळावा म्हणून शिशाचे क्षार घालत. पिवळ्या, हिरव्या, लाल रंगांत तर ते विशेष. हे शिसे धुळीतून श्वासात आणि बोटांवाटे पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि झालेले नुकसान भरून येत नाही. मुलांच्या रक्तात शिशाचे अमुक प्रमाण सुरक्षित आहे असे जागतिक आरोग्य संघटनाही मानत नाही. गरोदर बाईच्या शरीरातले शिसे पोटातल्या बाळापर्यंत जाते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर नियम झाला तो 2016 साली. 1 नोव्हेंबर 2017 पासून रंगात दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसे चालत नाही. म्हणजे त्याआधीच्या कोणत्याही रंगाकडे संशयानेच बघायला हवे.

नातवाला आंघोळ घातली, कपडे बदलले, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवले. अल्हम्दुलिल्लाह, सगळे ठीक होते. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसे वाचवायला निघालो होतो आणि घरातल्या लेकराला विषात रांगू दिले होते.

तेव्हापासून आमचा नियम ठरला. तुम्हीही तो पाळा:

काम मोकळ्या हवेत करावे. मुले आणि गरोदर बाई त्या बाजूला फिरकू नयेत. जमिनीवर प्लास्टिकचा कागद अंथरावा. जुना रंग कोरडा घासू नये. वॉटर पेपर आणावा, पृष्ठभाग ओला ठेवून घासावे, म्हणजे धूळ उडत नाही. नाकावर साधे फडके पुरत नाही, कोरोनात वापरला तसा एन-95 मास्क लावावा. काम संपल्यावर झाडू मारू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावे. ते फडके आणि रंगाचा चोथा पिशवीत बांधून टाकावा. परसात, विहिरीजवळ किंवा झाडांच्या मुळाशी तो टाकू नये. अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत. जुना रंग आगीने जाळून काढू नये, कारण त्या धुरातही शिसे असते. आणि जो जुना रंग घट्ट बसलेला आहे तो मुळापासून काढायची गरजच नाही. त्याची चमक तेवढी ओल्या घासणीने मारा आणि त्याला नव्या रंगाखाली झाकून टाका. जिथे पोपडे सुटले आहेत तेवढेच खरवडा.

आता रीतसर कृती

पहिला दिवस धुण्याचा. मुठी, कड्या, कुलूप, शक्य असेल तर दारेही उतरवा. स्क्रू एका डबीत ठेवा, नाहीतर जोडताना घरभर शोधत फिराल. हाताचे आणि स्वयंपाकाचे तेलकट थर असतात, ते कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून, हातमोजे घालून घासा. मग दोनदा स्वच्छ पाण्याने पुसा. एक दिवस वाळू द्या.

मग घासणे. जिथे पोपडे आहेत तिथे जाड, म्हणजे 80 किंवा 100 नंबरचा पेपर, त्यानंतर 150-180, शेवटी 220. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. लाकडाच्या रेषा ज्या दिशेने जातात त्याच दिशेने घासा; आडवे घासले तर ओरखडे रंगातूनही दिसतात. हात फिरवून बघा, सगळीकडे खडूसारखे मंद लागले पाहिजे. चमक उरली असेल तिथून रंग सुटणार हे समजा.

खिळ्यांची भोके, चिरा, कोपरे यांत लाकडाची लांबी भरा. खाच खोल असेल तर एकदम भरू नका. थोडी भरा, वाळू द्या, पुन्हा भरा. वाळली की बारीक पेपरने सपाट करा.

त्यानंतर वूड प्रायमरचा एक हात. प्रायमर लाकडाची तहान भागवतो आणि रंगाला धरून ठेवतो. तो दिला नाही तर लाकूड रंग पिते, डाग पडतात आणि रंग दुप्पट लागतो. एक दिवस वाळल्यावर 220 नंबरने हलकेच घासा आणि ओल्या फडक्याने पुसा.

मग रंग. दोन प्रकार मिळतात. टर्पेंटाइनने पातळ होणारा ऑइल पेंट कणखर असतो, पण त्याचा वास उग्र असतो, वाळायला वेळ लागतो आणि पांढरा घेतला तर अंधाऱ्या खोलीत तो काही वर्षांत पिवळट पडतो. पाण्याने पातळ होणाऱ्या इनॅमलचा वास कमी, वाळणे लवकर, ब्रशही पाण्याने धुता येतो. घरात लहान मूल असल्याने आम्ही दुसरा घेतला. डब्यावर शिशाबद्दल छापलेले असते, ते वाचूनच घ्या. फार चकचकीत रंगात प्रत्येक खड्डा दिसतो, म्हणून जुन्या सामानाला मंद चमकेचा रंग शोभतो.

किती आणायचा? सहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल कपाटाचा दर्शनी भाग 18 चौरस फूट, दोन बाजू मिळून 18, वरचा भाग साडेचार. एकूण साधारण 40 चौरस फूट. दोन हातांचे झाले 80. एक लिटर रंग त्याला पुरून उरतो. प्रायमर अर्धा लिटर पुरे. दुकानदार चार लिटरचा डबा पुढे करील, पण घरी मोजून जा. पेपर, लांबी, दोन ब्रश धरून आमचे रंगाचे सामान हजार रुपयांच्या आसपास आले. सुताराची मजुरी वेगळी.

ब्रश एक तृतीयांशच बुडवा आणि डब्याच्या काठाला निपटून घ्या. आधी कोपरे आणि कडा, मग सपाट भाग. दारे आडवी ठेवून रंगवली तर ओघळ येत नाहीत. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्या. मधे किती वेळ थांबायचे ते डब्यावर असते. तो वेळ पाळा, बोट लावून बघण्याचा मोह टाळा. रंग वरून लवकर वाळतो, पण आतून पक्का व्हायला आठवडा लागतो. तोवर कपडे भरू नका, दारे घट्ट लावू नका, नाहीतर ती चौकटीला चिकटतील.

जुन्या पितळी मुठी फेकू नका. चिंच किंवा आमसूल लावून घासा, राखेने उजळा. दादींच्या मुठी अशा निघाल्या की थोरल्याने विचारले, "या नव्या आणल्या का?"

टर्पेंटाइन किंवा अळशीच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा, मगच टाका.

वुजूची काळजी

हे दुकानदार सांगणार नाही, पण आपल्याला माहीत हवे. ऑइल पेंट असो की इनॅमल, त्याचा थर त्वचेवर किंवा नखांवर बसला की पाणी खाली पोचत नाही. वुजूत जो भाग धुणे फर्ज आहे तिथे असा थर राहिला तर वुजू पूर्ण होत नाही. म्हणून हातमोजे घालूनच काम करा, आणि कामाला बसण्याआधी हातांना, नखांच्या कडांना खोबरेल तेल चोळा. तरी रंग लागलाच तर ओला असतानाच पुसा. वाळला तर खोबरेल तेल लावून थोडा वेळ ठेवा आणि साबणाने चोळून काढा. टर्पेंटाइनने त्वचा जळजळते, ते लागलेच तर चेहऱ्याजवळ नेऊ नका. नमाजच्या वेळा बघून कामाचे टप्पे पाडा. जोहरनंतर एक हात दिला की असरपर्यंत हात स्वच्छ करायला वेळ मिळतो.

आणि हे सगळे शाबानमध्येच उरका. रोज्याच्या उपाशी पोटी रंगाचा वास आणि घासणीची मेहनत कशाला?

कपाट उभे राहिले

सूनबाईने फिकट पिस्ता रंग निवडला. आमच्या मागच्या खोलीत उजेड कमी, त्या रंगाने खोली मोठी वाटू लागली. एका दाराच्या आतल्या बाजूला, कडी लावायच्या जागी, आम्ही बोटभर जागा न रंगवता ठेवली. तिथे हिरवा, पिवळा, निळा, चॉकलेटी असे चारही थर दिसतात. नातू मोठा झाला की दाखवू.

या सगळ्यात घरातल्या पुरुषांनी बरोबरीने हात लावला, हे मुद्दाम सांगते. प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या चपला स्वतः सांधत, कपडे स्वतः शिवत आणि घरकामात हात देत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितल्याचे आपण बयानांमध्ये ऐकतो. मोडलेले दुरुस्त करून वापरणे ही गरिबीची खूण नाही, ती सुन्नत आहे. आणि कुरआनने फिजूलखर्चीपासून किती कडक शब्दांत रोखले आहे, हे तर आपण सर्व जाणतो.

नव्या सेटसाठी थोरल्याने जे पैसे बाजूला ठेवले होते, त्याचे काय झाले? सूनबाईच्या वडिलांचे नऊ हप्ते उरले होते. थोरला स्वतः गेला, त्यांच्यासमोर बसला. ते बराच वेळ "नको, नको, मुलीच्या घरचे पैसे कसे घेऊ?" म्हणत राहिले. मुलगा म्हणाला, "अब्बा, सेट आम्ही वापरला. पूर आमच्या घरात आला. मग हप्ते एकट्या तुमचेच कसे?" ते पैसे भरून त्यांनी ते कर्ज मिटवले.

ईदला ते आले. शीरखुर्मा घेऊन झाल्यावर मागच्या खोलीत गेले, कपाटाचे दार उघडले, मिटले, पुन्हा उघडले. म्हणाले काही नाही. जाताना मुलीच्या डोक्यावर हात ठेवून किती तरी वेळ उभे राहिले.

गेल्या वर्षी धाकट्याचे लग्न ठरले. मुलीकडचे बोलणी करायला आले आणि आपसूक विषय निघाला, "पलंग-कपाटाचे कसे करायचे?" या वेळी आम्ही गप्प राहिलो नाही. मी त्यांना मागच्या खोलीत नेले. म्हटले, "कपाट आहे. पलंग सुताराकडे दुरुस्तीला दिला आहे, रंग आम्ही घरीच देणार आहोत. मुलीला फक्त रंग कोणता आवडतो तेवढे विचारून कळवा."

दोन दिवसांनी निरोप आला: आकाशी.

भगिनींनो, या शाबानमध्ये घरातले एखादे जुने स्टूल, एखादे टेबल रंगवायला काढा. लहान वस्तूपासून सुरुवात करा, मुलांना धुळीपासून दूर ठेवा, घासण्याचा कंटाळा करू नका. आणि घरात मुलाचे लग्न असेल तर "आम्ही काही मागितले नाही" एवढ्यावर थांबू नका. "नको" हा शब्द स्पष्ट उच्चारा. तो न उच्चारल्याची किंमत कुणाचा तरी बाप महिन्यामागून महिने भरत असतो.

अल्लाह आपल्या सर्वांच्या घरांत बरकत देवो आणि रमजानचे रोजे नसीब करो. आमीन. दुआमध्ये आठवण ठेवा.

अल्लाह हाफिज.